रक्तातच आहे आमच्या

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सुरू झालो की मला मध्ये थांबता येत नाही. जमत आलेलं लग्न मी स्वतःच्या तोंडानं मोडलंय. कुणाचं? माझंच! आणि तेही अगदी शास्त्राच्या आधारानं.

मी केजला कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. तासिका तत्त्वावर. म्हणजे नोकरी आहेही आणि नाहीही. अशा नवरदेवाला पोरगी कोण देतो हो? आईचे नवस बोलून संपले होते. त्यात युसूफ वडगाव या गावच्या माझ्या मामांनी नांदूरघाटचं स्थळ आणलं. मुलगी प्रतीक्षा, बी.एस्सी. झालेली, माणसं चांगली, आणि मुख्य म्हणजे ती माणसं चक्क 'या' म्हणाली होती! तोवर सगळे फोनवरच 'कळवतो' म्हणून मोकळे व्हायचे.

मामांनी सकाळी मला उपाशीपोटीच गाडीवर बसवलं. वाटेत एकच ताकीद.

"हे बघ, त्यांची भावकी लई मोठी हाय. समदे चहाला बोलवतेन. न्हाई म्हणायचं न्हाई. एकाचा घेतला अन् दुसऱ्याचा न्हाई घेतला, तर पोरीच्या बापाला वरीसभर ऐकावं लागतंय."

"मामा, मी चहा पीत नाही."

"आज पी!"

प्यालो. थोरल्या चुलत्याकडं प्यालो, धाकट्याकडं प्यालो, चुलत चुलत्याकडं प्यालो. प्रत्येक घरचा चहा आधीच्यापेक्षा घट्ट, कारण शेजारच्यापेक्षा आपला पाहुणचार कमी पडला असं कुणाला चालतं? मोजायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं.

शेवटी मुलीच्या घरी बैठकीत बसलो आणि अंगात काहीतरी सुरू झालं. गुडघा आपोआप हलायला लागला. एक दाबून धरला की दुसरा सुरू! मांडी बदल, उशी सरकव, खिडकीकडं बघ, पंख्याकडं बघ. छाती तर अशी धडधडत होती की मामांना ऐकू जाईल असं वाटलं. तेवढ्यात प्रतीक्षा पोहे घेऊन आली.

बस्स! माझी खात्रीच पटली.

अहो, आदल्याच दिवशी वर्गात घसा कोरडा करून शिकवलं होतं, की माणसाच्या प्रत्येक वागण्यामागं शरीरातलंच कारण असतं. मेंदू, त्यात सुटणारी रसायनं, आईबापांकडून आलेली जनुकं. बाकी सगळं नंतर. आता छाती धडधडतेय, तळव्यांना घाम आलाय आणि समोर मुलगी उभी आहे. अजून काय पुरावा पाहिजे? हे प्रेमच! धडधड ती यायच्या आधीच सुरू झाली होती, हे कुणाच्या डोक्यात येतंय तेव्हा?

बशी हातात घेतली तर चमचा टणाटणा वाजायला लागला. निम्मे पोहे मामांच्या मांडीवर. मुलीचे वडील अण्णा माझ्या हातांकडं टक लावून बघत होते.

"सर, हात कावून थरथरायलेत?"

'उपाशी आहे' म्हणून सुटलो असतो की नाही? पण मला माझं प्रेम जाहीर करायचं होतं, तेही सभ्य शब्दांत.

"अण्णा, ते माझ्या ताब्यात नाही. मेंदूत रसायन सुटलं की माणूस काही करू शकत नाही."

अण्णांनी मामांकडं बघितलं. मामांनी छताकडं.

"रोजच व्हतंय का असं?"

"छे! पण इथून पुढं रोज होईल असं दिसतंय."

"घरात आनखी कुणाला हाय का?"

काय अभ्यासू सासरा मिळतोय, मला वाटलं! आनुवंशिकतेचा मुद्दा आपण होऊन काढला!

"वडिलांना होतं ना! आजोबांना तर त्याहून जास्त. रक्तातच आहे आमच्या."

आत कुणाच्यातरी हातून भांडं पडलं.

"मंग सोडायचा परयत्न केला न्हाई का कुणी?"

"कशाला सोडायचं? आणि खरं सांगू का अण्णा, आपण ठरवतो हा भ्रम आहे. शरीर मागतं, माणूस निघतो."

"गप बे!" मामांनी कोपर असं मारलं की बरगडीच मोडली असती.

अण्णा उठले. हात जोडले. म्हणाले, "कळवतो."

गावाबाहेर आलो. मामांनी एकदम गाडी थांबवली.

"दारू कधीपासनं प्यायलास?"

"दारू? मामा, मी सुपारीसुद्धा खात नाही!"

"मंग ते थरथरणं?"

"ते प्रेम होतं!"

मामांनी गाडी स्टँडला लावली. "आरं येड्या, उपाशीपोटी अख्ख्या भावकीचा चहा ढोसलास तू!"

मी छातीवर हात ठेवला. मुलगी मागं गावात राहिली होती आणि धडधड तश्शीच चालू होती! फळ्यावर रसायनांची नावं लिहिणारा मी, पण चहाच्या कपातलं रसायन काही मला दिसलं नव्हतं.

आणि खरं सांगतो, फार वाईट वाटलं. कारण चहा वजा करूनही ती मला आवडली होती. पोहे सांडल्यावर सगळे तोंड लपवून हसत होते, तेव्हा तिनं काही न बोलता पुसायला फडकं आणून दिलं होतं.

"मामा, गाडी वळवा. सगळं खरं सांगून या."

मला उतरवून मामा गावात गेले. मी वेशीजवळ येरझाऱ्या घालत राहिलो. बसवेना, उभं राहवेना. मोबाईल काढला, परत ठेवला, परत काढला. एकदाचे मामा आले.

"अण्णाला पटलं. लई हसला. म्हणला, चहाच हाय तर काय हरकत न्हाई."

"मग जमलं की!"

"पोरगी न्हाई म्हणली."

"का?"

मामांनी आधी गाडीला किक मारली, मग सांगितलं.

"ती म्हणली, दारू असती तर सोडवली असती. पन मानसशास्त्राच्या सरास्नी चहा अन् प्रेम यातला फरक कळंना. त्यात सरच सांगतेत, बापाचं लेकरात उतरतंय म्हणून. मंग हे येडेपण माझ्या लेकरांत कशाला आणू?"

उत्तर इतकं मुद्देसूद होतं की परीक्षेत असतं, तर मी पैकीच्या पैकी मार्क दिले असते.