मोरपंखी अंधार

गल्लीत सगळे त्यांना वहिनीच म्हणत. कोणाच्या वहिनी, हे विचारायचं कधी कुणाला सुचलं नाही. यजमानांचं नाव पडलं होतं रातपाळीवाले, कारण उमेदीची सगळी वर्षं त्यांनी छापखान्यात रातपाळीच केली. लोकांच्या दारात सकाळचं वर्तमानपत्र पडायच्या वेळेला ते हाताची शाई खरवडत घरी येत, चहा घेत आणि झोपत.

झोपत म्हणजे, त्यांना झोपवावं लागे. झोपायच्या खोलीची खिडकी नेमकी उगवतीला होती. लग्न होऊन घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात वहिनींनी ओळखलं, की आपली गाठ सासूशी नाही, या खिडकीशी आहे. आधी त्यांनी काचांना वर्तमानपत्रं चिकटवली. पण ऊन चढलं की कागदातून अक्षरं उलटी उमटत आणि रातपाळीवाले पडल्या पडल्या ती वाचत बसत. मग पुठ्ठे लावून झाले, चादरी लावून झाल्या, शेवटी एक जाड तपकिरी ब्लँकेट खिळ्यांवर टांगलं. तरी कडेनं उजेडाची तिरीप यायचीच. वहिनी हात धुऊन तिच्या मागे लागल्या. फटींत चिंध्या कोंबल्या, दाराखाली जुना टॉवेल सरकवला, तेव्हा कुठे खोलीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख झाला.

आवाजाचंही तेच. दारावरची घंटा काढून टाकली. कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात आली की वहिनी हातातलं काम टाकून धावत. दूधवाला दारावर नखानं खरवडे, शेजारीण खुणांनी बोले. लेक झाली, ती बोलायच्या आधी कुजबुजायला शिकली. शाळेत तिनं कविता म्हटली ती पहिल्या बाकालाही ऐकू गेली नाही, म्हणून बाईंनी वहिनींना बोलावून घेतलं आणि मुलीला अशक्तपणा आहे का विचारलं. "नाही हो, तिचे बाबा झोपलेत ना," वहिनी म्हणाल्या. तेही हळूच.

अशी वर्षं सरली. लेक शिकली, नोकरीला लागली, दुसऱ्या शहरात गेली. रातपाळीवाले निवृत्त झाले. आणि मग एक दिवस लेकीनं भलंमोठं खोकं पाठवलं. त्यात प्रोजेक्टर, गुंडाळलेला पांढरा पडदा आणि दोन स्पीकर. आईबाबांनी आयुष्यात एकही सिनेमा जोडीनं पाहिलेला नाही, ही गोष्ट तिच्या मनात खोल रुतून बसली होती. संध्याकाळच्या खेळाला बाबांची कामावर जायची वेळ, दुपारच्या खेळाला ते झोपलेले. आता तिची मागची खोली रिकामीच होती. तिथे तुमचं थिएटर करा, असं तिनं फोनवर बजावलं.

खोली झकास होती, पण खिडकी जवळजवळ भिंतीएवढी. आणि सिनेमा पाहायचा तर दुपारीच, कारण निवृत्त झाल्यापासून रातपाळीवाले रात्रीच्या जेवणाचं ताट उचललं की पेंगू लागत, जणू इतक्या वर्षांची थकबाकी वसूल करत होते. पहिल्या दुपारी मशीन लावलं तर समोर नुसत्या करड्या सावल्या. नायक कोण, नायिका कोण, पत्ता नाही.

"पडदा दिसायचा तर आधी पडदा लावायला हवा," रातपाळीवाले म्हणाले. स्वतःच्या या विनोदावर ते इतके खूश झाले, की त्यांनी तो शेजाऱ्यांनाही ऐकवला.

दोघं पडद्यांच्या दुकानात गेले. दुकानवाल्या बाई हसतमुख होत्या. त्यांनी पाठीला रबरासारखा थर दिलेली कापडं काढली, मखमलीसारखी दाट कापडं काढली, दुहेरी अस्तराची काढली. वहिनी प्रत्येक कापड दिव्यासमोर धरून पाहत आणि बाजूला ठेवत. कापडापेक्षा कडा दगा देतात, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. दांडी खिडकीहून चांगली लांब हवी, तिची टोकं भिंतीकडे वळलेली हवीत, पडदा जमिनीला टेकला पाहिजे, असं त्या बोलू लागल्या तशा दुकानवाल्या बाई रंगात आल्या. दोघींची अशी गट्टी जमली, की रातपाळीवाले एका स्टुलावर बसून राहिले.

शेवटी वहिनींनी सगळ्यांत जाड काळं कापड निवडलं. दुकानात एक छोटी खोली होती, तिथे पडदा लावून अंधार पारखता येई. दुकानवाल्या बाईंनी दोघांना आत बसवलं, पडदा ओढला आणि त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेल्या.

आत काहीच दिसेना. वहिनींनी सवयीनं वर पाहिलं, खाली पाहिलं. एक तिरीप नाही. त्यांना समाधान वाटलं.

"जमलं," त्या म्हणाल्या.

मग रातपाळीवाले अंधारातूनच म्हणाले, "एक सांगू? मला दिवसा झोप लागायचीच नाही गं. लागली तर तासदोन तास. बाकी वेळ मी नुसता पडून असायचो."

वहिनी पडदा सारून बाहेर आल्या, दुकानवाल्या बाईंना नंतर येतो म्हणाल्या आणि चालू लागल्या.

घरी आल्यावर त्यांनी भांडी अशी घासली, की गल्लीत लोक खिडक्यांतून डोकावले. सगळं आयुष्य आपण मांजरीच्या पावलांनी चाललो, लेकीला मोठ्यानं हसू दिलं नाही, आणि हे आपले टक्क जागे! राग म्हणावा तर तो धड रागही नव्हता. फसल्यासारखं वाटत होतं, आणि फसवणारा माणूस वाईट नव्हता, म्हणून अधिकच अवघड झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मागच्या खोलीत उन्हात बसल्या होत्या. रातपाळीवाले येऊन शेजारी टेकले.

"मग सांगायचं होतंत," वहिनी म्हणाल्या. "एका शब्दानं सांगायचं होतंत."

"तू त्या खिडकीशी इतकी झगडायचीस. तुला कोणत्या तोंडानं सांगू?" ते म्हणाले. "आणि दुसरं म्हणजे, मी जागा आहे कळलं असतं तर तुम्ही दोघी तशा बोलला नसतात. मी घरी असायचो तो एवढाच. तुमची कुजबुज ऐकायला मिळायची, तेवढाच माझा संसार."

मग आपण काय काय ऐकलं होतं ते रातपाळीवाले सांगू लागले. लेकीचं अडखळत पाढे म्हणणं. तिचं पहिलं खोटं, आणि आईनं ते पकडूनही न पकडल्यासारखं करणं. कोटावरून पळून गेलेल्या बटणाची गोष्ट, जी वहिनींनी स्वतःच रचली होती आणि स्वयंपाकघरात लेकीला भरवताना रोज थोडी थोडी पुढे नेली होती. बटण गटारात पडतं, मग चिमणी त्याला उचलते, मग शिंप्याच्या दुकानात त्याला दुसरी बटणं चिडवतात.

"शेवटच्या भागात मला डोळा लागला," रातपाळीवाले अपराधी चेहऱ्यानं म्हणाले. "नेमका त्याच दिवशी. बटण घरी परत गेलं का?"

वहिनींना ती गोष्ट आठवतही नव्हती. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. केस पांढरे झालेला, नखांच्या कडांना अजून जुनी शाई असलेला हा माणूस इतकी वर्षं एका बटणाची काळजी वाहत होता.

"नाही गेलं," त्यांनी जरा विचार करून सांगितलं. "एका मुलीच्या फ्रॉकला लागलं. तिथेच रमलं."

"बरं झालं," ते म्हणाले आणि खरोखरच सुटल्यासारखे मागे रेलले.

त्याच संध्याकाळी दोघं पुन्हा दुकानात गेले. काळं कापड गुंडाळून तयार होतं, पण वहिनींनी ते परत ठेवायला लावलं. आजवर त्यांनी उजेड अडवायला जे हाताला लागलं ते वापरलं होतं. रंग कधी निवडलाच नव्हता. या वेळी त्यांनी दुकान पालथं घातलं आणि गर्द मोरपंखी रंगाचं, दुहेरी अस्तराचं कापड पसंत केलं. दुकानवाल्या बाईंनी प्रामाणिकपणे बजावलं, की यातून काळ्याइतका अंधार होणार नाही, भर दुपारी किंचित उजेड झिरपेल.

"झिरपू दे," वहिनी म्हणाल्या. "माणूस शेजारी बसलाय हे तरी दिसलं पाहिजे."

पडदे शिवून आले, लागले. उन्हात त्यांच्या चुण्या खोल पाण्यासारख्या दिसत. वहिनींना मारामारीचे सिनेमे आवडतात आणि रातपाळीवाले प्रेमाच्या सिनेमात रडतात, हा शोध दोघांनाही या वयात लागला. सुट्टीला लेक आली. मोठ्या कौतुकानं आईबाबांच्या मध्ये बसली आणि सिनेमा सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तिला एक संवाद धड ऐकू आला नाही, इतके ते दोघं तिच्या डोक्यावरून बोलत होते. दुसऱ्या दिवशी तिनं आपली खुर्ची उचलली आणि पुढे नेऊन ठेवली.