अव्वाची झिजलेली पावली

जुनी नाणी जमवणाऱ्यांकडे नाण्यांच्या आधी किस्से साठतात. नाण्याला डबी लागते, पाकीट लागतं. किस्से रविवारी चहाबरोबर आपोआप येऊन बसतात. नांदेड-लातूरकडच्या नाणेवाल्यांच्या आमच्या बैठकीतले बरेच किस्से हल्ली एकाच शब्दाभोवती फिरतात: ग्रेडिंग.

म्हणजे असं, की मोठ्या शहरातल्या कंपनीकडं नाणं पाठवायचं. ते खरं आहे का, किती झिजलंय हे पाहून कंपनी सत्तरपैकी गुण देते आणि नाणं प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करून परत पाठवते. दुर्मीळ नाण्याला हे शोभतं. पण ढिगानं मिळणारं, गुळगुळीत झालेलं नाणं? त्याच्यापेक्षा फीच जड!

*

अहमदपूरचे एक गृहस्थ दहा पैशांचं नाणं रुमालात गुंडाळून आले. मोबाइलवरच्या व्हिडिओत त्याला लाखाचा भाव होता म्हणे.

“मग त्या व्हिडिओवाल्यालाच विका की,” मी म्हणालो.

“त्यो म्हणतो, आधी ग्रेडिंग करा. फी त्याच्याकडंच भरायची हाय.”

मी पेपरचा वार्ताहर; या फसवणुकीची बातमी लिहिली. छापून आली. त्याच पानावर खाली कुणाची तरी जाहिरात होती: ‘जुनी नाणी लाखोंनी विका!’ मी संपादकांशी भांडलो. ते म्हणाले, “बातमी तुमची, पान मालकाचं.”

*

देवणीच्या एका बैलांच्या व्यापाऱ्यानं तर नाणं चिंच आणि राख लावून घासलं, आरशासारखं केलं आणि मग पाठवलं. ते गुण न लागताच परत आलं. शेरा होता, ‘घासलेले’.

तो भडकला. “न्हाऊ घातलं म्हणून नापास? बाजारात बैल धुतल्याशिवाय उभा करतेत का कुणी?”

आम्ही सगळे हसलो. तो हसला नाही. वडिलांच्या करदोट्यातलं नाणं होतं ते.

*

आणि मग आमच्याच अप्पांनी ग्रेडिंगला पाठवायची म्हणून खिशातून पावली काढली. अप्पा लातूरचे कापड दुकानदार, बैठकीतले सगळ्यात जुने. निजामाच्या काळातली चांदीची पावली. तिच्यावरचा चारमिनार पार पुसून गेलेला, बोट फिरवलं तरी लागत नव्हता. अशा पावल्या आमच्याकडं कोणत्याही सराफाच्या गल्ल्यात सापडतील.

ती होती अप्पांच्या आईची, अव्वाची. त्यांच्या घरी बाळ जन्मलं, की ती पावली मऊ कापडात गुंडाळून त्याच्या बेंबीवर बांधतात. अप्पांच्या बांधली होती, त्यांच्या लेकीच्या बांधली होती. लेक आता गरोदर होती.

नांदेडचे जब्बार वकील बैठकीत कमी बोलतात. त्यांनी पावली उलटसुलट केली. “अप्पा, केस दमदार हो तो कोर्ट जाना. ये तो घर का मामला है.”

“आयुष्यभर नाणी जमवली,” अप्पा म्हणाले, “माझ्या एका बी नाण्याला सर्टिफिकेट न्हाई. घरातल्या एका तरी नाण्याला असावं की!”

अव्वानं पावली दिली होती, पण बजावून दिली होती. “बाळ घरी यायच्या आत परत आण.”

*

लातूरला एका मंगल कार्यालयात ग्रेडिंगचं शिबिर भरलं होतं. अप्पांनी पावली तिथं दिली. मी कंपनीच्या एजंटाला माइकवरच विचारलं, “असल्या झिजलेल्या नाण्याला गुण लागले, तर तुम्ही विकत घ्याल का?”

“साहेब, आम्ही फक्त पाठवतो.”

“पाठवायचं काम पोस्टही करतं. पण पोस्टमन कुणाला श्रीमंत व्हायची आशा लावत नाही!”

माझ्या हातातला माइक काढून घेतला. रांगेतून मात्र कुणी हललं नाही. रांगेत निलंग्याच्या दोन म्हाताऱ्या होत्या, पदराच्या गाठीत नाणी बांधून आलेल्या. मी त्यांना समजावायला गेलो. त्यातली एक म्हणाली, “तुम्ही पेपरवाले. तुमचं बी खरं कोण मानतंय?”

*

अप्पांच्या लेकीचं बाळ दिवस भरायच्या आधीच आलं. मुलगी. मुठीएवढी. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली. पावली अजून कंपनीकडंच होती. एजंट फोन उचलत नव्हता. अप्पा दुकानातून आले, की अव्वा फक्त त्यांच्या हाताकडं बघायची. अप्पांनी बैठकीला येणं सोडलं.

पावली अखेर आली, त्याच दुपारी नातही घरी आली. मी आणि वकील भेटायला गेलो होतो. पावलीच्या प्लास्टिकच्या पेटीवर चिठ्ठी होती: सत्तरपैकी तीन. अप्पांनी चष्मा लावून ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली.

अव्वानं हात पुढं केला. पेटी उघडायला गेली. उघडेना.

“अव्वा, ती फोडायची नसती,” अप्पा म्हणाले. “फोडली की नंबर गेला.”

अव्वानं पाळण्याकडं पाहिलं. मग स्वयंपाकघरातून बत्ता आणला आणि अप्पांच्या हातात दिला.

“पोरगी पेटीतून भाईर आली की रे, बाबा. आता हिला बी काढ.”