तुळसीने टाळलेलं नाव

माझी तुळसी मोठ्यांपुढे गप्प बसते, ही काळजी काही केल्या मनातून जात नाही. आज तिच्या गप्प बसण्याने एका भल्या माणसाची नोकरी चालली आहे.

पोरगी हुशार. टाइपरायटिंगची वरची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाली आणि मेलकावेरीतल्या पितळी भांड्यांच्या कंपनीत लागली. इंग्रजी पत्रात तिचा स्वल्पविरामही चुकत नाही. पण तिथल्या व्यवस्थापकांचं नाव आणि माझ्या सासऱ्यांचं नाव एकच. मी सून, म्हणून ते उच्चारत नाही. सासूबाईंनी नातीलाही तेच वळण लावलं. त्या नावाचा भाजीवाला दारी आला तरी आम्ही 'ते आले' म्हणायचो. मी बी.ए. झालेली बाई, एकदाही हरकत घेतली नाही.

गेल्या मंगळवारी गोदामातून समया चोरीला गेल्या. आदल्या संध्याकाळी तुळसी तिथेच होती, म्हणून मद्रासच्या मालकांना हकीकत तिनेच लिहिली, खाली व्यवस्थापकांनी सही केली. तिने लिहिलं: व्यवस्थापक आणि गोदामाचे कारकून चंद्रमौळी बोलत उभे होते. मग 'ते' किल्ली घेऊन आत गेले, 'ते' कुलूप न लावताच निघून गेले. नाव घ्यायचं नाही, आणि पद पुन्हा लिहिणं म्हणजे तिला बोट दाखवल्यासारखं वाटलं. आमच्या घरात 'ते' म्हणजे कोण, हे सगळ्यांना कळतं. मद्रासला कसं कळावं? मालकांनी चंद्रमौळी असं वाचलं.

काल चंद्रमौळी दारात आले. अठरा वर्षं नोकरी केलेला माणूस, हातात काढून टाकल्याचं पत्र.

"कुलूप मी लावलं नाही, असं तू लिहिलंस, तुळसी?"

"तुम्हाला नाही म्हटलं, मामा."

"मग कुणाला?"

तेव्हाही नाव तिच्या तोंडून निघेना. तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. आणि मग स्वतःच्या.

आज ती व्यवस्थापकांकडे गेली, दुसरं पत्र लिहिते म्हणाली. ते हसले म्हणे. "इंग्रजी झकास आहे तुझं. लिहिलंय ते राहू दे. नोकरी हवी आहे ना?"

म्हणजे सही करतानाच या माणसाला सगळं समजलं होतं. त्याला मी आता 'ते' म्हणणार नाही.

"पोरीची नोकरी जाईल, तू मध्ये पडू नकोस," असं आमच्या ह्यांचं सांगून झालं.

"जाऊ दे," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या पोटावर बसून टिकवलेली नोकरी हवी कुणाला?"

तुळसी ऐकत होती. थोड्या वेळाने तिने मालकांच्या टेलिफोनचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून आणला. "सुरुवात तू कर, आई. मग मी बोलते."

सकाळी पोस्टात जाऊन मद्रासला ट्रंक कॉल लावणार आहे. पहिल्याच वाक्यात सांगेन: किल्ली शेषाद्रीने घेतली, कुलूप शेषाद्रीने लावलं नाही.

लग्नाला चोवीस वर्षं झाली. हे नाव आज पहिल्यांदा लिहिलं. उद्या फोनवर मोठ्याने म्हणायचं आहे.