चित्रातला दोर

१९५४ साली मी नवाकोरा ग्रामसेवक होतो. सिंदेवाहीहून सायकल हाणत जपानी पद्धतीची भातशेती शिकवायला खेड्यात गेलो. वय तेवीस, उभ्या आयुष्यात हाताला चिखल लागलेला नाही, पण तोरा असा की भात जणू मीच शोधून काढला! पिशवीत एक दोर होता आणि एक चित्र. लाकडावर कोरून छापलेलं जुनं जपानी चित्र. पाऊस, डोंगर, आणि चिखलात वाकून भाताची रोवणी करणाऱ्या सात बाया, पाठीवर गवताची इरली.

त्या गावात रोवणी म्हणजे भागीरथाबाई. काळी, काटक, एकटी विधवा बाई. बांधी, म्हणजे भाताचं खाचर, कोणाचीही असो, पहिली मूठ तीच रोवायची. तिच्या गाण्याच्या तालावर बाकीच्या बाया मागे मागे सरकत जायच्या. वीस वर्षं तो मान तिचा होता, आणि स्वतःचं म्हणावं असं तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

"दोर ताणायचा, दोराला धरून ओळीत रोवायचं, मग दोर उचलायचा," गुणवंतराव मालकांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून मी सांगितलं आणि चित्र पुढे केलं. "बघा, जपानच्या बाया!"

भागीरथाबाईनं ओले हात लुगड्याला पुसले, चित्र घेतलं, बराच वेळ पाहिलं.

"भाऊ, याच्यात दोर कुठी हाय?"

मी चित्रात डोकं घातलं. दोर नव्हताच. चित्र शंभर वर्षांपूर्वीचं, तेव्हा त्यांच्याकडेही दोर पोचला नसावा. बाया खदखदून हसल्या. ती मात्र हसली नाही.

"दोर आला तं मंग मी कायले पाहिजे?" एवढंच म्हणाली आणि धुऱ्यावर जाऊन बसली.

गुणवंतरावांनी एक बांधी माझ्या हवाली केली होती. दोर धरायला दोन गडी. रोवणी सुरू झाली आणि माझी फजिती झाली. एकीचं रोवून व्हायचं, दुसरीचं राहायचं, तोवर गडी दोर उचलून मोकळे. दोघी तर पाय अडकून चिखलात बसल्याच. मी ओरडत होतो आणि कोणी ऐकत नव्हतं.

भागीरथाबाईला ते पाहवेना. "गान्याबिगर कशी होईन रोवनी?" म्हणत ती उठली, पदर खोचून खाली उतरली आणि एका गड्याच्या हातातून दोर घेतला. "माहा आवाज थांबला का उचला. तवरिक हात नाई लावाचा."

मग ती गायला लागली. कडवं संपायचं, दोर उठायचा. संध्याकाळपर्यंत बांधी हिरवीगार, सरळ रेघांची. कापणीला शेजारच्या बांधीपेक्षा तिथं जास्त धान झालं, आणि तालुक्याला पाठ थोपटली गेली ती माझी. मी तिचं नाव घेतलं नाही. अजून सलतं ते.

चार वर्षांनी अहेरीला बदली झाली, तेव्हा निरोप घ्यायला तिच्या घरी गेलो. चित्र मी केव्हाच तिला देऊन टाकलं होतं. कुडाच्या भिंतीवर, देवांच्या शेजारी, पेजेनं चिकटवलेलं. सात बायांच्या हातांपुढून दिव्याच्या काजळीची एक जाड रेघ ओढलेली होती.

"हे काय, बाई?"

"दोर," ती म्हणाली. "त्यायले कोनी देल्ला नोहता. म्या देल्ला."

मी हसलो. तिनं रेघेच्या टोकावर बोट ठेवलं. ते टोक सगळ्यांत पुढच्या बाईच्या मुठीत होतं.

"हिच्या हाती देल्ला, भाऊ. हिले बसवाचं नाई धुऱ्यावर."