मोठ्यानं विचार करणारी आत्या

आमच्या आत्याच्या डोक्यात आयुष्यभरात एकही विचार मुक्कामाला राहिला नाही. आला की तोंडावाटे बाहेर. बाकीची माणसं आधी विचार करतात आणि मग बोलतात, निदान तसा त्यांचा दावा असतो. आत्या बोलायला लागली की मगच तिला कळायचं, आपण काय विचार करतोय ते. मी वाशीमच्या कॉलेजात मानसशास्त्र घेतलं, तेव्हा पहिल्याच वर्षाच्या पुस्तकात विचार, भाषा, बुद्धी आणि प्रेरणा अशी चार प्रकरणं लागोपाठ होती. मी त्याच आत्याकडे राहत होते, त्यामुळे पुस्तक उघडण्याआधीच ती चारही प्रकरणं मला रोज स्वयंपाकघरात ऐकू यायची.

एकदा वाशीमहून अनसिंगला जाताना बस गावाबाहेर पडली न पडली, तोच आत्या सुरू झाली. "गॅस बंद केला का म्या? केला. नाई पण, दूध उतरवलं, मंग फोन वाजला, मंग..." पुढच्या सीटवरचे आजोबा मागे वळले. "दूध उतरवल्यावर फोन घ्याले गेल्या का आधी?" हळूहळू अर्धी बस त्या गॅसपाशी जाऊन उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, "अवो आत्याबाई, शेजारणीले फोन लावा ना." आत्या म्हणाली, "कायले लावू बाप्पा, शेजारीण हे काय, माह्या बाजूलेच बसली!" अनसिंग आलं तेव्हा ड्रायव्हरनं इंजिन बंद करून आधी मागे पाहिलं आणि विचारलं, "काय ठरलं मंग?"

बाजारात तर तिच्यासोबत जाणं म्हणजे शत्रूच्या छावणीत आपले नकाशे वाटत फिरणं. भाजीवाल्यासमोर उभी राहून ती म्हणायची, "हा वीस म्हणन. आपण दहा म्हणू. पंधराले देला त घेऊन टाकू." भाजीवाला गंभीर चेहऱ्यानं वांगी मोजून द्यायचा आणि म्हणायचा, "घ्या आत्या, पंधरा." आणि आत्या वाटभर स्वतःच्या व्यवहारज्ञानावर खूश असायची.

बसस्टँडमागे, राहत्या घरातच, तिची छोटी खानावळ होती. स्पर्धा परीक्षा देणारी पोरं, कॉलेजच्या मुली, कोर्टात तारखेला आलेले लोक, सगळे एकाच पंगतीत. कोण कोणाच्या शेजारी बसणार असला प्रश्न तिथं विचारायची सोय नव्हती. माझ्या चळवळीतल्या वडिलांनी मला खेळण्यांऐवजी वाटायला पत्रकं दिली. समतेवर मी लहानपणापासून पानं पानं वाचली आहेत, पण समता भाजीच्या वाटीसकट पाहिली आत्याकडेच. निकालाच्या दिवशी ती पुरणपोळ्या करायची आणि पहिली पोळी नापास झालेल्याला वाढायची. पास झालेली पोरं कुरकुर करायची. आत्या म्हणायची, "तुमचं पोट भरलं आज गावाच्या कौतुकानं. त्याले घरून चार फोन आले शिव्यांचे. तो सकाळी उठून पुस्तक उघडन का नाई, हे या पोळीवर हाय." आमच्या सरांनी प्रेरणेच्या प्रकरणाला तीन तास घेतले होते.

खानावळीत एक शब्द मात्र बंद होता. 'भैताड', म्हणजे बिनडोक. आपल्याकडे लोक उठता-बसता एकमेकांना भैताड म्हणतात, त्याचं कोणाला काही वाटत नाही. आत्याला वाटायचं. लहानपणी शाळेत तिला हाच शब्द ऐकावा लागला होता, कारण तिचे विचार वर्गातही मोठ्यानंच यायचे. ज्याच्या तोंडून तो शब्द निघेल त्यानं जेवणावरून उठायचं, नळावर चूळ भरायची, मग परत बसायचं. "माणसाच्या बुद्धीले नाव नाई ठेवायचं," ती म्हणायची. "ते कोनाले दिसली हाय?"

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आत्या कणीक मळता मळता खाली बसली. उजवा हात लुळा पडला, तोंड किंचित वाकडं झालं. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या भागाला मार बसलाय. हात सुधारेल. शब्द किती परत येतील ते सांगता येत नाही. पुढे कितीतरी दिवस आत्या नुसती बघत राहिली. मग एकदा डॉक्टर तपासायला वाकले, आत्याचे ओठ हलले, आम्ही सगळे पुढे झालो, आणि ती अगदी स्पष्ट म्हणाली, "भैताड."

तेवढा एकच शब्द शाबूत राहिला होता. ती स्वतः इतकी दचकली की तिनं डाव्या हातानं तोंड झाकलं. खानावळीतली पोरं भेटायला आली. प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवून आत्या त्याला भैताड म्हणाली. सुरात 'जेवलास का' होतं, 'वाळला रे' होतं, 'परीक्षा कधी' होतं. चूळ भरण्यात सगळ्यात पुढे असलेला एक पोट्टा व्हरांड्यात जाऊन आधी हसला आणि मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

घरी आणल्यावर मात्र माझं रक्त उकळायला लागलं. येणारा-जाणारा तिच्याशी मोठ्या आवाजात बोलायचा, जसं काही कान गेलेत. मग तिच्यासमोरच आम्हाला म्हणायचा, "बुद्धी गेली बिचारीची." बोलता येत नाही त्याला विचारही करता येत नाही, हा कायदा कोणी केला? आपल्या समाजात ज्याचा आवाज ऐकू येत नाही त्याच्याबद्दल सगळे निर्णय दुसरेच घेतात, हे मी पत्रकांत वाचलं होतं. आता ते पलंगाशी बसून बघत होते.

आत्याचा मुलगा, आमचा दादा, पुण्याहून आला. मनानं चांगला माणूस. त्यानं खानावळ बंद करून आईला कायमचं पुण्याला न्यायचं ठरवलं आणि तिची बॅगही भरली. मी पुस्तक घेऊन उभी राहिले. भाषा वेगळी, बुद्धी वेगळी, एक गेली म्हणून दुसरी जात नाही, असं बरंच काही तावातावानं बोलले. दादानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पुस्तक राहू दे. तू दिवसभर कॉलेजात. घरात काही पेटलं, ती पडली, तर हाक तरी मारता येईल का तिला?"

मी पुस्तक मिटलं.

दादानं बाजारातून लहान पोरांचा प्राण्यांच्या चित्रांचा तक्ता आणला होता. आईला शब्द शिकवायचे म्हणून. संध्याकाळी तो पलंगाशी बसला आणि एकेक अक्षर लांबवत विचारायला लागला, "आई, गाय कुठंय? गा-य. दाखव." आत्या त्याच्याकडे बघत राहिली. "हत्ती? हत्ती दाखव." आत्यानं खिडकीबाहेर बघितलं. दादानं माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे बघ, काही कळत नाही. "बरं, बैल? बैल कुठंय, आई?"

आत्यानं डावा हात उचलला. बोट तक्त्यावरून सावकाश फिरलं, गाय ओलांडली, हत्ती ओलांडला, बैलावर क्षणभर टेकलं, तिथून उठलं आणि दादाच्या छातीवर जाऊन थांबलं.

मग आत्याच्या वाकड्या ओठांचा एक कोपरा वर गेला. दारात उभी असलेली शेजारीण पदर तोंडाला लावून हसत सुटली. "ओळखलं रे बाप्पा तुले, बरोब्बर ओळखलं!" दादाही हसला, आणि हसता हसता त्याची सगळी पुणेरी मराठी गळून पडली. "माय," तो म्हणाला, "तुले सारं समजून राह्यलं का वं?" आणि त्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

थोड्या वेळानं तो उठून बसला आणि इतक्या दिवसांत कोणीच विचारलं नव्हतं ते त्यानं विचारलं. "पुण्याले येतं का इथीच राह्यतं?"

पूर्वीची आत्या असती तर या प्रश्नावर दोन्ही बाजूंची भाषणं झाली असती, गल्ली गोळा झाली असती. आता फक्त कपाळावर आठी, डोळे बॅगेकडे. इतका वेळ गेला की दादा पुन्हा काही बोलणार होता, मी त्याचा हात धरला. मग आत्यानं बॅगेची चेन ओढली आणि डाव्या हातानं एकेक लुगडं काढून पलंगावर ठेवायला लागली. घडी विस्कटत होती. कोणी मदत केली नाही.

खानावळ आता शेजारीण चालवते, दिवसा आत्याजवळ तीच असते, आणि दादा दर महिन्याला येतो. सात-आठ शब्द परतले आहेत, 'मीठ' त्यांतला एक. संध्याकाळी आत्या पायरीवर बसते, मीही बसते. ती रस्त्याकडे बघते, कपाळावर बारीक आठी येते, जाते, मध्येच ती स्वतःशी हसते. पूर्वी तिच्या विचारांत बसमधल्या परक्या माणसालाही जागा होती. आता मी इतकी खेटून बसलेली असते, तरी मला आत जाता येत नाही.

"कायले हसली वं आत्या?" मी विचारते. ती माझ्याकडे बघते, शब्द शोधते, आणि मी थांबते.