उसनी विहीर

मला थांबता येत नाही. कोणी "थांब जरा" म्हटलं की पायात मुंग्या येतात, तोंडातून काहीतरी वाकडं निघतं. बारावीनंतरचे ते दिवस मी कसे काढले, माझं मलाच माहीत. यवतमाळला फार्मसीला नंबर लागला होता. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज भरून तयार होता, फक्त उत्पन्नाचा दाखला जोडायचा होता. बानं स्वच्छ सांगून टाकलं होतं, "शिष्यवृत्ती भेटली तर जाय. नाही भेटली तर माह्याच्यानं होत नाही, बेटा."

म्हणजे घरी बसायचं. आणि आमच्या तांड्यात बारावी झालेली पोरगी घरी बसली तर फार दिवस बसत नाही. पाहुणे येतात, चहा होतो, आणि पोरगी दुसऱ्या तांड्यावर भाकरी थापायला जाते.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा बाभुळगाव तालुक्यातला. आपसात आम्ही गोरबोली बोलतो, बाहेरच्यांशी वऱ्हाडी. इथं सगळ्यांचं बोलणं मी वऱ्हाडीतच सांगते.

दाखला निघाला. सेतू केंद्रातल्या दादानं तो प्रिंटरमधून काढला, वाचला आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, तुमचं उत्पन्न तं मर्यादेच्या वर दाखवून राह्यलं. तुम्हाले कायले पायजे शिष्यवृत्ती?"

मी कागद हिसकावला. आकडा बघून आधी हसू आलं, मग अंगाचा नुसता भडका उडाला. तशीच तलाठ्याकडे गेले. नवीनच आले होते, तरुण, इस्त्रीचा पांढरा शर्ट.

"मी खुर्चीवर बसून दाखले देत नाही," ते म्हणाले. "स्वतः तांड्यात आलो होतो. तुमच्या घराला कुलूप होतं. शेजाऱ्यांना विचारलं, तांड्याच्या नायकांना विचारलं." आणि त्यांनी वाचून दाखवलं. ओलिताचं शेत. बारमाही पाण्याची विहीर. ट्रॅक्टर. दुभती म्हैस.

मला वाटलं, हे दुसऱ्याच कोणाचं घर वाचतायत. "साहेब, म्हैस सोडा, आमच्या घरी मांजरसुद्धा शेजारच्यांची येते!"

ते हसले नाहीत. "ज्यांनी सांगितलं त्यांना घेऊन या. माझ्यासमोर त्यांनी जबाब बदलला तर दाखला बदलेल."

अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती. फाट्यावर एसटीतून उतरले आणि तांड्यापर्यंत जवळजवळ पळतच गेले. कोणी जळून आमचं वाटोळं केलं, हेच डोक्यात घोळत होतं. आमच्या दाराला लागूनच एका म्हाताऱ्या काकीचं घर. ती कडुनिंबाखाली तुरीची डाळ निवडत बसली होती. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"काय म्हनते मंग पाहुने? आला का निरोप?"

"कोणते पाहुणे?"

"घ्या! त्या दिवशी तू यवतमाळले गेलती, तुही याडी अन् बा वावरात होते. गाडीवर एक जन आलता, पांढऱ्या शर्टाचा. घर कोनाचं, वावर किती, कमाई किती, लेकरं किती, समदं इचारे. मी काय लहान हावो? समजली मी."

तो इस्त्रीचा पांढरा शर्ट मी नुकताच बघून आले होते.

आमच्यात सोयरीक अशीच सुरू होते. मुलाकडचे आधी एखादा अनोळखी माणूस गुपचूप पाठवतात, तो शेजाऱ्यापाजाऱ्यांत घरदार विचारतो. त्याला 'तू कोण' म्हणून विचारायचं नसतं. चहा पाजायचा आणि हातचं राखून बोलायचं नाही. पोरगी एका घराची नसते, तांड्याची असते. म्हणून काकीनं बोलता बोलता तिची म्हैस आम्हाला देऊन टाकली. तिच्या जावयानं ट्रॅक्टर दिला. आणि नायकानं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखानं, आपली विहीर आणि विहिरीखालचं सगळं ओलित माझ्या बाच्या नावावर करून टाकलं.

"काकी, तो तलाठी होता!"

"तलाठी कधी तांड्यात येते का वो?" तिनं मलाच विचारलं.

बाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नायकाले खोटं पाडू का मी? अन् चारचौघांत सांगाले लावू, का याच्या घरी काहीच नाही म्हनून?"

"मंग मी काय करू? जाऊ पाहुन्यासंगं?" मी ओरडले. याडीनं, म्हणजे आईनं, चुलीपाशी तोंड फिरवलं. मला तेव्हा बाचा राग आला होता, नायकाचा आला होता, त्या इस्त्रीच्या शर्टाचाही आला होता. मी एकटीच नायकाच्या ओसरीवर जाऊन उभी राहिले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. नायकाचा शब्द आमच्यात मागे घेतला जात नाही. म्हातारा मिशीवरून हात फिरवत बसला. हो नाही, ना नाही. मी तणतणत परत आले.

सकाळी फाट्यावर मी आणि बा एसटीची वाट बघत उभे होतो. मी दर मिनिटाला मागे वळत होते. बा म्हणाला, "नको पाहू. नाही येत थो." आणि एसटी दिसायच्या जरा आधी पांढरा फेटा दिसला. मागून काकी, जावयाला पुढे ढकलत.

तलाठ्यांसमोर नायक उभाच राहिला, खुर्ची दिली तरी बसला नाही.

"विहीर माही हाय, साहेब. पोट्टीच्या सोयरिकीसाठी दिलती. आता पोट्टीले शिकाचं हाय, म्हनून वापस घेतो."

जावयानं ट्रॅक्टर परत घेतला. काकीनं म्हैस परत घेतली. एकेक वस्तू खोडली जात होती, आणि बा बाकावर बसून स्वतःच्या चपलांकडे बघत होता. मला हवं होतं तेच होत होतं, तरी मी उठून बाच्या शेजारी जाऊन बसले. शेवटी काकीला राहवलं नाही. "पन साहेब, पोट्टी लय हुशार हाय. थे लिहा."

"त्याला इथं जागा नाही, आजी," तलाठी म्हणाले. पण या वेळी हसले.

दाखला मिळाला, अर्ज वेळेत गेला. परतीच्या एसटीत बानं सगळ्यांची तिकिटं काढली. मग नायकाला म्हणाला, "पंधरा दिवस विहीरवाला होतो, अन् मलेच कोनी सांगितलं नाही." नायक इतका हसला की फेटा सैल झाला. बासुद्धा हसला, आणि मग खिडकीकडे वळून उपरण्यानं डोळे पुसले.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीला घरी गेले तेव्हा काकीनं जवळ बोलावलं. म्हणाली, पुन्हा एक जण येऊन गेला. घर कोणाचं, वावर किती, कमाई किती.

"मग काय सांगितलं?"

"काहीच नाही म्हनलं त्यायच्यापाशी. विहीर नाही, टॅक्टर नाही, कोंबडीबी नाही. तसाच गाडीले किक मारून गेला."

"बरं झालं. तलाठीच असेल."

काकीनं डाळीतला खडा उचलून फेकला. "तलाठ्याले मी वळखते आता," ती म्हणाली. "थो नव्हता."