एकाच नावाचे दोघे

रेवदंड्याला वाळत घातलेल्या सुकटीचा वास आला की आत्याचं अंगण आठवतं. घराण्याची वंशावळ जुळवताना मी अलिबागच्या कचेरीतून वडिलांच्या जन्मनोंदीची नक्कल काढली, तर त्याच नावाच्या, त्याच आईबापांच्या मुलाच्या मृत्यूचीही, वडिलांच्या जन्माआधीची, नोंद निघाली. कारकुनाने घोळ घातलाय, असं म्हणत मी दोन्ही कागद आत्यापुढे धरले. सुकट निवडणारा तिचा हात थांबला. "घोळ न्हाय रे. पहिला तापानं गेला. मागून तुझा बाप झाला, त्याला आयनं तेच नाव ठेवलं. हाक मारली की तो धावत यायचा, तरी आय दाराकडं बघत राहायची." आता वडीलही नाहीत. पितृपक्षात त्या एका नावानं मी केळीची दोन पानं वाढतो.